घरून कोरस गाण्यासाठी माईक : शुअर एसएम ५८ वापरून कसा वाटला

ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. प्रत्येकाने आपापल्या घरी गायचं आणि नंतर सगळे आवाज एकत्र करायचे असा बेत असेल, आणि घर म्हणजे आपला साधा फ्लॅट असेल, खाली रस्ता, वर पंखा, शेजारी कुकर, तर शुअरचा एसएम ५८ घ्या. यूट्यूबवर बघाल तर जो तो कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणारा माईक) घ्या कंडेन्सर घ्या म्हणतो, एकट्याने गाणाऱ्यासाठी आणि ज्याच्याकडे शांत खोली आहे त्याच्यासाठी ते बरोबरच आहे, पण कोरसचं गणित वेगळं असतं आणि ते कोणी नीट समजावून सांगत नाही म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आमचा ग्रुप म्हणजे डोंबिवलीतल्या भजनी मंडळातल्या बायका, त्यांच्या बाहेरगावी गेलेल्या मुली-सुना, आणि झील धरायला दोन-तीन काका. कोणी पुण्यात, कोणी सांगलीला, एक शारजाला, एक न्यू जर्सीत. आषाढीला आणि दिवाळीला आम्ही एकेक अभंग असा घरून रेकॉर्ड करतो. सगळ्यांचे ट्रॅक गोळा करून जुळवायचं काम माझ्याकडे आहे त्यामुळे प्रत्येकीचा कच्चा आवाज मी हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेला असतो, आणि म्हणूनच कुठल्या माईकने काय होतं हे माझ्याइतकं आमच्यात कोणालाच कळत नाही :)

ही कल्पना आता सगळ्यांच्या ओळखीची झालीय. २०१० मध्ये एरिक व्हिटेकर या अमेरिकन संगीतकाराने १२ देशांतल्या १८५ गायकांचे घरी केलेले व्हिडिओ जोडून एक अख्खा कॉयर उभा केला होता, आणि मग २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर सगळ्यांनीच ते केलं. झूमवर एकत्र गायला बसून पाहिलेलं असेल तर माहितीच असेल की ते जमतच नाही, आवाज पोचायला वेळ लागतो, एक जण समेवर येतो तोवर दुसरा पुढे गेलेला असतो. म्हणून गाईड ट्रॅक, म्हणजे सूर आणि ताल दाखवणारं रेकॉर्डिंग, आधी बनवायचा, तो प्रत्येकाने हेडफोनवर ऐकत गायचं, फक्त आपला आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, हाच रस्ता उरतो.

आता मुद्द्याचं. एका ट्रॅकमध्ये एक हॉर्न वाजला तर आपण म्हणतो चालतंय, ऐकू येत नाही एवढा. पण पंधरा घरांतून पंधरा ट्रॅक आले की प्रत्येक घरातला एकेक हॉर्न, एकेक शिट्टी, एकेक दाराची कडी असं सगळं त्या पाच मिनिटांत येऊन बसतं, आणि प्रत्येक ठिकाणी हाताने जाऊन आवाज बंद करायला लागतो. दुसरं म्हणजे खोलीचा घुमारा. आपल्याकडे सगळीकडे गुळगुळीत टाइल्स आणि रंगवलेल्या भिंती, त्यामुळे हॉलमध्ये गायलं की आवाज आपटून परत येतो, आणि प्रत्येकीच्या खोलीचा घुमारा वेगळा. एकीचा बाथरूमसारखा, दुसरीचा जिन्यासारखा. हे सगळं एकत्र वाजवलं की शब्द कळेनासे होतात, आणि कुठल्याही सॉफ्टवेअरने हा घुमारा आवाज न बिघडवता पूर्ण काढता येत नाही. देवळातला गोड घुमारा नंतर सगळ्यांना एकसारखा चढवता येतो, पण आधीचा खोलीतला पुसता येत नाही. म्हणून कोरससाठी माईक असा हवा की जो तोंडाजवळचं ऐकेल आणि लांबचं फारसं ऐकणारच नाही.

एसएम ५८ नेमकं तेच करतो. हा डायनॅमिक माईक आहे, म्हणजे आत पडद्याला एक बारीक कॉइल चिकटवलेली असते, ती चुंबकाच्या क्षेत्रात हलली की वीज तयार होते, त्याला बाहेरून पॉवर द्यायला लागत नाही. कॉइलचं वजन असल्याने तो पडदा कंडेन्सरच्या पडद्याइतका हलका नसतो, बारीकसारीक गोष्टींना तेवढा दाद देत नाही. कागदावर त्याची रेंज, म्हणजे किती खालच्या सुरापासून किती वरच्यापर्यंत तो ऐकतो ती, ५० ते १५,००० हर्ट्झ आहे, कंडेन्सर २०,००० पर्यंत सहज जातात, आणि हा आकडा बघून लोक म्हणतात की हा कमी दर्जाचा. अहो पण अभंगाच्या कोरसला त्या वरच्या पाच हजारांत काय आहे, थोडीशी हवा, बाकी काही नाही. उलट याला साधारण २ ते १० हजारांच्या पट्ट्यात थोडा उठाव दिलेला आहे, शब्द तिथेच कळतात, त्यामुळे पंधरा जणी एकत्र गात असल्या तरी चरण स्पष्ट ऐकू येतो.

माईक १९६६ सालचा आहे आणि अजून तोच विकला जातो. आपण सगळ्यांनी हा पाहिलेला आहे, ऑर्केस्ट्रात, कीर्तनात, गणपतीच्या मांडवात तो गोल जाळीचा माईक असतो ना, तो हा किंवा याची नक्कल. गंमत म्हणजे नावातलं एसएम हे स्टुडिओ मायक्रोफोनचं आहे, सुरुवातीला तो स्टुडिओसाठीच काढला होता, स्टेजवर तो नंतर गाजला. त्यामुळे स्टेजचा माईक घरी कशाला असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

वापरायची रीत मात्र नीट समजून घ्यायला हवी. पहिलं अंतर. तोंडापासून चार बोटं, आणि सगळ्यांनी तेवढंच. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डीबीने (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) वाढतो आणि खोली तेवढ्या प्रमाणात मागे पडते, शिवाय अगदी जवळ गेलं की या माईकमध्ये खर्ज फुगतो. एकटीने गाताना तो फुगलेला आवाज छान वाटतो, भरदार वाटतो, पण आमच्या काकांनी माईक ओठाला लावून झील धरली तेव्हा खाली नुसती घूंऽऽ अशी गडगड झाली. मग १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं तेव्हा कुठे ते बसलं. आणि एकीचं अंतर दोन बोटं, दुसरीचं वीतभर असं झालं तर एक कानाशी गाते आणि दुसरी पलीकडच्या खोलीतून, आवाज कमीजास्त करून ते जुळत नाही. म्हणून मी आता सगळ्यांना सांगते, हाताची चार बोटं आडवी धरा, एक बाजू जाळीला, एक बाजू ओठाला, आणि मग हात काढून गा.

दुसरं म्हणजे आपली भाषा. भ, फ, ठ, ध, प, हे म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो, विठ्ठल म्हणा, पांडुरंग म्हणा, तळहात समोर धरून बघा लगेच कळेल. या माईकच्या जाळीच्या आत स्पंज आहे, तो बरंचसं अडवतो, पण चार बोटांवरून ‘पांडुरंग’ सरळ माईकवर आला की धप्प होतंच. माईक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता थोडा बाजूला, गालाच्या कोपऱ्याकडे ठेवायचा आणि त्याचं तोंड आपल्या ओठांकडे तिरकं वळवायचं. झोत बाजूने निघून जातो, सूर मात्र पूर्ण येतो. वेगळा पॉप फिल्टर (असा झोत अडवायला माईकपुढे लावायचा पडदा) आम्ही कोणीच घेतला नाही, गरज पडली नाही.

तिसरं, माईकची पाठ. याचा पॅटर्न कार्डिऑइड आहे, समोरचं सगळ्यात जास्त ऐकतो आणि बरोबर मागचं सगळ्यात कमी. म्हणजे आपलं तोंड कुठे आहे यापेक्षा माईकची पाठ कुठे आहे हे बघा. खिडकीतून रस्त्याचा आवाज येत असेल तर पाठ खिडकीकडे हवी, आणि मग साहजिकच आपण खिडकीकडे तोंड करून उभ्या राहतो, आपल्या मागे कपाट उघडं टाकायचं, साड्या लटकलेल्या असतील तर उत्तम, दारावर एखादी गोधडी. समोर खिडकी आहे म्हटल्यावर आवाज जास्त येईल असं सगळ्यांना वाटतं, पण करून बघा, फरक लगेच ऐकू येतो. पंखा मात्र बंदच करायचा. त्याचा आवाज तर येतोच शिवाय वारा माईकवर लागतो तो वेगळा. आम्ही आषाढीचं रेकॉर्डिंग पहाटे उरकतो, उकाडा कमी आणि रस्ताही शांत.

आणि बांगड्या. हे कुठल्याही माईकच्या हातात नाही. सांगलीच्या मावशींचा ट्रॅक पहिल्यांदा ऐकला तेव्हा प्रत्येक ओळीच्या मध्ये बारीक किणकिण येत होती, आधी मला वाटलं कोणी लांब टाळ वाजवतंय, मग लक्षात आलं की त्या मांडीवर हाताने ताल धरत होत्या आणि हातात काचेच्या बांगड्या होत्या. तालावर इतकी अचूक किणकिण की काढून टाकायला जीव होईना. पण काढावी लागली, कारण बाकीच्या चौघींच्याही हातात बांगड्या होत्या आणि प्रत्येकीची टाळी जराशी पुढे-मागे. आता रुमाल गुंडाळून बसतात.

आता इंटरफेस, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडणारी छोटी डबी. एसएम ५८ ला एक्सएलआर (तीन पिनांची) केबल लागते, तो सरळ लॅपटॉपला किंवा मोबाईलला लागत नाही. बाजारात एक्सएलआर टू हेडफोन जॅक अशा स्वस्त केबल मिळतात त्यांच्या नादी लागू नका, आवाज इतका कमी येतो की वाढवल्यावर नुसती खरखर. मी फोकसराइटचा स्कार्लेट सोलो, तिसऱ्या पिढीतला, घेतला. त्यावर एकच माईक लागतो, आपल्याला एकच हवा असतो. गेनच्या (माईकचा आवाज वाढवायच्या) गोल बटणाभोवती दिवा आहे, हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे फाटतोय, हे साठीच्या बाईलाही एकदा दाखवलं की कळतं. डायरेक्ट मॉनिटर नावाचं एक बटण आहे ते चालू केलं की आपला आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता सरळ हेडफोनमध्ये येतो, उशीर होत नाही. कोरससाठी हे बटण फार म्हणजे फारच महत्त्वाचं आहे, स्वतःचा आवाज किंचित जरी उशिरा ऐकू आला तरी माणूस हळूहळू मागे पडत जातो आणि त्याला कळतही नाही.

एसएम ५८ ची एकच खरी अडचण इथे येते. त्याचा आवाज मुळातच बारीक येतो. स्कार्लेट सोलोमध्ये ५६ डीबीपर्यंत गेन आहे आणि मोकळ्या गळ्याने गाणाऱ्यांना तेवढा पुरतो, पण आमच्यातल्या ज्यांचा आवाज वयोमानाने मऊ झालाय त्यांच्यासाठी बटण जवळपास शेवटपर्यंत फिरवायला लागतं, आणि तिथे मागे सूं असा आवाज यायला लागतो. यावर क्लाउडलिफ्टरसारखे छोटे बूस्टर मिळतात, ते माईक आणि इंटरफेसच्या मध्ये लावायचे, २५ डीबीपर्यंत वाढवतात, पण त्यांची किंमत बघितली की नको वाटतं. आम्ही अंतर दोन बोटांवर आणून, खर्ज नंतर कापून भागवलं. पाचपैकी अर्धा स्टार मी याच गोष्टीसाठी कापते, बाकी साडेचार. रेकॉर्ड करताना सगळ्यात वरचा सूर -१२ ते -६ डीबीच्या मधे राहिला पाहिजे, ० ला टेकला की फाटला, आणि फाटलेला आवाज परत शिवता येत नाही. डोंबिवलीत आमचा एकच सेट घरोघर फिरतो, तर इंटरफेसवर प्रत्येकीच्या गेनच्या जागी आम्ही रंगीत टिकल्या लावून ठेवल्यात, हिरवी जोशी काकूंची, लाल माझी, बटण टिकलीवर आणायचं आणि गायला सुरुवात.

हेडफोनबद्दल लिहिलं नाही तर माईकचं सगळं वाया जाईल. कान पूर्ण झाकणारे, वायरचे हवेत. ब्लूटूथ अजिबात नको, त्यात दीड-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो, द्रुत लयीत तेवढ्यात मात्रा निघून जाते. आणि गाईडचा आवाज हेडफोनमधून बाहेर सांडू द्यायचा नाही. याचं कारण असं की पंख्याची घरघर प्रत्येकीची वेगवेगळी असते, पण गाईडमधली टिकटिक किंवा तबल्याची थाप सगळ्यांच्या ट्रॅकमध्ये बरोबर त्याच क्षणी पडते, ट्रॅक जुळवले की ती एकावर एक चढत जाते. एकेका ट्रॅकमध्ये जेमतेम ऐकू येणारी थाप पंधरा ट्रॅकमध्ये एखाद्या वाद्यासारखी ठळक होते. इथेही एसएम ५८ मदतीला येतो, हेडफोनमधून सांडलेलं तो कंडेन्सरपेक्षा खूप कमी टिपतो. ज्यांना एक कान उघडा ठेवून गायची सवय आहे (आपल्यात बहुतेकांना असते, सूर आपला आपल्याला ऐकू यायला लागतो) त्यांनी उघड्या कानाचा स्पीकर डोक्याला दाबून ठेवायचा, हवेत सोडायचा नाही.

आणि हो, घरच्या पेटीवर सूर धरून गाऊ नका. पट्टी काळी चार सांगितली म्हणून घरची पेटी काढतात, पण जुन्या पेट्या थोड्या वर-खाली असतात, प्रत्येकीचा सा केसभर वेगळा लागतो आणि कोरस आंबट होतो. गाईडमध्ये तानपुरा घालून ठेवलेला असतो तोच ऐकायचा.

कंडेन्सरवाल्यांवर अन्याय नको म्हणून सांगते, आमच्या न्यू जर्सीच्या मुलीकडे ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० आहे, ती बेसमेंटमध्ये गालिचावर उभी राहून गाते, बाहेर चिटपाखरू नाही, तिचा ट्रॅक आमच्यात सगळ्यात सुंदर येतो, श्वाससुद्धा ऐकत राहावा असा. तुमच्याकडे तशी खोली असेल तर तोच घ्या, ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच माईकला मिळणारी वीज) लागते ती स्कार्लेट सोलो देतो. पण त्याच जातीचा माईक पुण्यात सिंहगड रोडला पहिल्या मजल्यावर ठेवला तर काय येतं तेही मी ऐकलंय, रिक्षा, भाजीवाला, वरच्या मजल्यावरचं पाट्यावरचं वाटण, सगळं अगदी स्वच्छ.

खरेदी करताना नकलीपासून जपा, हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं. या माईकच्या नकला जगभर विकल्या जातात आणि दिसायला हुबेहूब असतात. आमच्यातल्या एकीने ऑनलाइन अर्ध्या किमतीत मिळतोय म्हणून मागवला, हातात घेतल्यावरच हलका लागला, आवाज पत्र्यासारखा. खऱ्याचं वजन साधारण ३०० ग्रॅम असतं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, बिल घ्या, वॉरंटी बघा. मी घेतला तेव्हा दहा हजारांच्या आत-बाहेर होता. एलसी लिहिलेल्या मॉडेलबरोबर केबल येत नाही, ती वेगळी घ्यायची, आणि स्विचवाला एसएम ५८एस घरी घेऊ नका, बटण बंद राहतं आणि अख्खा अभंग गाऊन झाल्यावर कळतं. स्टँड हवाच. हातात धरला की अंतर बदलतं आणि हाताळल्याचा आवाजही येतो.

सॉफ्टवेअर ऑडॅसिटी पुरतं, फुकट आहे. ट्रॅक मोनो, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाईल. मिनिटाला साधारण साडेआठ एमबी होते, पाच मिनिटांचा अभंग चाळीस-पंचेचाळीस एमबी. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, व्हॉइस नोट अजिबात नाही, त्यात आवाज दाबला जातो. स्वतःहून नॉइज रिडक्शन, इको काहीही लावून पाठवू नका, जे असेल ते कच्चं पाठवा, साफ करायचं ते जुळवणाऱ्याला सगळ्यांचं एकसारखं करू द्या.

ज्यांना इंटरफेस वगैरे झंझट नको, लॅपटॉपला एकच वायर लावायचीय, त्यांच्यासाठी सॅमसनचा क्यू२यू बघा. तोही डायनॅमिकच आहे, यूएसबी आणि एक्सएलआर दोन्ही, हेडफोन माईकलाच लागतो. शारजाच्या वहिनींकडे तो आहे, एसएम ५८ च्या ट्रॅकशेजारी ठेवला तर किंचित पातळ वाटतो, पण कोरसमध्ये मिसळल्यावर मलासुद्धा वेगळा काढता येत नाही. आणि ज्या फक्त वर्षातून एकदा झील धरणार आहेत त्यांनी काहीच विकत घेऊ नये, मोबाईल उशीला टेकवून उभा करा, उघड्या कपाटाकडे पाठ करा, दुसऱ्या मोबाईलवर वायरच्या हेडफोनने गाईड ऐका, रेकॉर्डिंग ॲपमधलं नॉइज सप्रेशन बंद करा (नाहीतर लांबवलेला सूर ते ॲप पंख्याचा आवाज समजून कुरतडतं) आणि गा. मुख्य आवाज ज्या तिघी-चौघींचे आहेत त्यांच्याकडे चांगला माईक असला की मागच्या झीलेला मोबाईल खपून जातो.